चित्रकाराची कीर्द

प्रतापनगरच्या स्टेशनावर संध्याकाळी जाऊन बसण्याची आमची जुनी सवय आहे. दिवसभर दावे, दरखास्ती आणि तारखा यांच्याशी झुंजून आलेल्या माणसाला फलाटावरचा बाक हा विसाव्याला बरा. वडोदऱ्याच्या मोठ्या स्टेशनावरची धांदल येथे नाही. गाडी येते, माणसे चढतात-उतरतात आणि पुन्हा सारे शांत होते. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या शेजाऱ्यांची मुलगी बसलेली दिसली. वय सतरा-अठरा, हातात तळहाताएवढी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. समोर गाठोड्याला टेकून एक म्हातारी डभोईच्या बाजूस जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होती. मुलीची नजर म्हातारीवरून वहीवर आणि वहीवरून म्हातारीवर अशी येरझारा घालीत होती. इतक्यात गाडी आली. म्हातारी उठली आणि गाठोडे उचलून चालती झाली. कागदावर चार-पाच रेघा तेवढ्या राहिल्या.

"अर्धेच राहिले की ग," आम्ही म्हणालो.

"राहू दे, काका. खांदा मिळाला," असे म्हणून तिने पानाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि पान उलटले.

पुढे आठ दिवसांनी तिचे वडील आमच्याकडे आले. सरळ मनाचे गृहस्थ. सारा जन्म पेढीवर हिशेब लिहिण्यात गेलेला. म्हणाले, "वकीलसाहेब, वर्षभरात हिने अकरा वह्या संपविल्या. पण भिंतीवर टांगावे असे एक चित्र म्हणाल, तर नाही. ही रक्कम जमेस धरू की नावे टाकू, तेवढे सांगा." वह्या बंद कराव्यात, चांगले कागद आणि रंग आणून द्यावेत आणि हाती घेतलेले चित्र पुरे केल्याशिवाय मुलीला उठू न देणारा शिक्षक पाहावा, असा त्यांचा विचार होता. हेतू चांगला होता, आणि म्हणूनच प्रश्न अवघड होता. कागदपत्र पाहिल्यावाचून मत देऊ नये हा आमच्या धंद्याचा नियम असल्यामुळे आम्ही त्यांच्याकडे मुदत मागितली. त्या मुदतीत जे कागद आमच्या पाहण्यात आले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शेजाऱ्यांनी हिशेबाची भाषा वापरली, तेव्हा आपणही तिच्यातच बोलू. ज्यांच्या घरी एके काळी लाल कापडात बांधलेल्या वह्या असत, त्यांना कीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगावयास नको. कीर्दीत व्यवहार ज्या दिवशी घडला त्याच दिवशी, घडला त्या क्रमाने उतरतो. तेथे तेलाची बरणी आणि सोन्याची पाटली एकाच पानावर शेजारी शेजारी बसतात. खतावणी मागाहून तयार होते. तिच्यात ज्याचे खाते त्याला स्वतंत्र पान असते आणि सारे कसे नीटनेटके मांडलेले असते. पाहुण्याला दाखवावयाची ती खतावणी. पण वाद निर्माण झाला म्हणजे कोर्ट प्रथम विचारते ते, "कीर्द आणा." पुरे झालेले चित्र ही चित्रकाराची खतावणी होय, आणि ज्याला आजची मुले स्केचबुक म्हणतात ती रेखाटनवही ही त्याची कीर्द. कीर्द बंद करून खतावणी लिहावयास बसणाऱ्या पेढीचे काय होते, हे आमच्या शेजाऱ्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक!

कायद्यानेही या तत्त्वाला मान दिला आहे. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील 159 व्या कलमाने साक्षीदाराला अशी मुभा दिली होती, की प्रसंग घडला त्या वेळी अथवा आठवण ताजी असताना स्वतः केलेले टिपण पाहून त्याने आपली स्मृती जागी करावी. 2024 च्या जुलैपासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. हे तत्त्व मात्र कायम राहिले. स्मृती ही सोयीने बदलणारी वस्तू आहे आणि जागच्या जागी केलेले टिपण तिला वेसण घालते, हा त्यामागचा अनुभव. चित्रकाराच्या स्मृतीची गोष्ट याहून निराळी नाही. म्हातारीचे चित्र घरी बसून काढू म्हणणाऱ्याच्या कागदावर बहुधा एक ठराविक म्हातारी उतरते. प्रतापनगरच्या फलाटावर बसलेली ती म्हातारी उतरत नाही.

पुरावा जुना असला म्हणजे त्याला वजन येते. म्हणून प्रथम वडोदरे सोडून अठराव्या शतकातील पुण्यास जाऊ. 1786 पासून पेशवे दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा पुण्याचा एक कारागीर चित्रे काढीत असे. वेरूळ-कार्ल्याची लेणी त्याने रेखाटली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचेही त्याने काढलेले एक चित्र आहे. ते नोव्हेंबर 1790 मधील असल्याची नोंद मिळते. आज ही चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. कल्पनेने रंगविलेले हत्ती-घोडे त्या काळी पुष्कळ झाले असतील. पण अमक्या महिन्यात, अमक्या गावी, या माणसाने हा प्राणी डोळ्यांनी पाहिला, असे सांगणारा कागद निराळा. तो गेंडा गेला, तो शिकारखानाही गेला. साक्ष मात्र उरली.

त्याच काळातील दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे अशा थोरांची चित्रे त्याने केली. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही मॅलेटच्या खटपटीने त्या सुमारास निघाली होती. 1790 च्या तहाचा दरबार एका मोठ्या चित्रात रंगवावा या हेतूने वेल्सने रेखाटने करून ठेवली; पण 1795 मध्ये तो वारला आणि चित्र राहून गेले. पुढे इंग्लंडमध्ये टॉमस डॅनियल या चित्रकाराने ते काम हाती घेऊन 1805 मध्ये पुरे केले. डॅनियल काही त्या दरबारात हजर नव्हता. त्याच्यापाशी आधार होता तो वेल्सच्या रेखाटनांचा. धनी गेला तरी कीर्द राहिली, म्हणून दुसऱ्याला खतावणी लिहिता आली.

पुढे 1857 मध्ये मुंबईस सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाची कलाशाळा निघाली आणि आपल्याकडे चित्रकलेचे रीतसर शिक्षण सुरू झाले. त्या शिक्षणाचे उपकार मोठे आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे नाव न ऐकलेले मराठी घर विरळा. वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र ही त्यांची दालने आम्हीही लहानपणी भीतभीत ओलांडली आहेत. परंतु परीक्षा झाली की तिच्यामागून एक खोड येते. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवसापासून दाखविण्याजोगा कागद तयार करण्याची सवय लागते. स्मरणचित्राचाच दाखला घ्या. बाजार, जत्रा, पाणवठा असा विषय आला, की शेकडो मुले पाठ केलेले एकच झाड, एकच छत्री आणि डोक्यावर घागर घेतलेली एकच बाई काढून मोकळी होतात. जे कधी निरखलेच नाही त्याचे स्मरण कोठून व्हावे? दोष मुलांचा नाही. त्यांच्याकडून खतावणी मागितली गेली. कीर्द लिहावयास कोणी बसविलेच नाही.

या खोडीवरचा उतारा मराठी चित्रकारांच्या परंपरेतच होता, आणि तो आमच्या वडोदऱ्यास आला इंदूरच्या वाटेने. इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रेय दामोदर देवळालीकर हे थोर शिक्षक होते. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन ही त्यांच्या विद्यार्थ्यांतील नावे. मुलांना चार भिंतींतून बाहेर काढून उघड्या रस्त्यावर नि घाटावर बसविणे हा तेथील शिक्षणाचा मोठा भाग होता. बेंद्रे जन्माचे इंदूरकर (1910). 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, 1950 मध्ये त्याची ललितकला शाखा सुरू झाली आणि बेंद्रे तेथे चित्रकला शिकवू लागले. 1966 पर्यंत ते वडोदऱ्यास होते. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख, रतन पारिमू अशी नामांकित पिढी या शाखेतून बाहेर पडली. आजही वडोदऱ्यात स्टेशनावर, मंडईत, कमाटीबागेत मांडीवर वही घेऊन बसलेला विद्यार्थी दिसला तर येथल्या माणसाला त्याचे नवल वाटत नाही. बाहेरगावचा पाहुणा मात्र थांबून पाहतो.

याच शहरात कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध ही भव्य चित्रे केली. ज्याने एवढाल्या भिंती रंगविल्या तो चित्रकार नित्य खिशात काय बाळगीत असे? पोस्टकार्डाएवढे कागद! जाता-येता दिसलेले झाड, जनावर, माणूस ते त्यावर टिपीत, आणि अशी किती तरी कार्डे त्यांनी शिष्यांना आणि आप्तेष्टांना पाठविली. भिंतीचा हात कार्डावर घडत होता. ज्यांना मुलांच्या लहान वह्या हा पोरखेळ वाटतो त्यांनी एकदा कीर्तिमंदिरात जाऊन यावे, एवढीच आमची विनंती.

या मासिकाच्या कोकणी वाचकांना मात्र आम्ही याहून जवळचा साक्षीदार देऊ शकतो. मारियो मिरांडा 1926 मध्ये दमणला जन्मले. त्यांचे घर गोव्यातील लोटली गावचे. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढी. आईने त्याला कोरी वही आणून दिली. त्या वहीची पुढे चित्रमय रोजनिशी झाली. गावचा पाद्री, लग्नाची वरात, शेजारची बडबडी बाई, घरातला कुत्रा, जे दिवसभरात दिसले ते रात्री वहीत. चित्रकलेची पदवी मारियोंनी घेतली नाही. मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात ते इतिहास शिकले. त्यांचे सारे शिक्षण त्या वह्यांत झाले, असे म्हटल्यास चूक होणार नाही. 1949, 1950 आणि 1951 या सालांच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. एका तरुणाने स्वतःच्या करमणुकीसाठी भरलेल्या त्या पानांत पोर्तुगीज अमलाखालचा, मुक्तीपूर्वीचा गोवा जिवंत राहिला आहे. त्या आईने वहीऐवजी मोठा कागद देऊन "एक चांगले चित्र पुरे कर" म्हटले असते, तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण प्रत्येक बापाने तो एकदा स्वतःला विचारावा.

आता या पुराव्यावरून नवशिक्याला होणारे लाभ नेमके कोणते, ते सांगू. पहिला लाभ निवडीचा. घरातला तांब्या बसल्या जागी बसून राहतो. फलाटावरचा माणूस राहत नाही. गाडी येण्यापूर्वी काय धरावयाचे, हे डोळ्याला क्षणात ठरवावे लागते. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, पाठ कोठे वाकली आहे, खांद्याचा उतार कसा आहे, हे आधी. डोळे, नाक, लुगड्याची नक्षी हे सारे मागाहून. "खांदा मिळाला" या त्या मुलीच्या शब्दांचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नव्हता, आता कळतो.

दुसरा लाभ निर्भयतेचा. किमती कागद समोर आला की हात कापतो. नवशिका मग जे हमखास येते तेवढेच पुनःपुन्हा काढतो आणि तेथेच थांबतो. वही मिटली की आतली चूक कोणाला दिसत नाही. म्हणून वहीत माणूस चुकावयास धजतो, आणि चुकल्यावाचून आजवर कोणतीही विद्या कोणाला आलेली नाही. याच कारणाने आईबापांनी मुलांची वही मागून पाहू नये. ती दाखविण्यासाठी नसतेच. दाखवावी लागणार असे कळले, की त्याच दिवसापासून तिची खतावणी होते.

तिसरा लाभ वाढ दिसण्याचा. माणसाला आपली प्रगती रोजच्या रोज दिसत नाही आणि त्यामुळे तो लवकर निराश होतो. येथे आमच्या गावच्या कलाभवनातील एका विद्यार्थ्याची आठवण होते. कलाभवन 1890 मध्ये सुरू झाले आणि धुंडिराज गोविंद फाळके तेथे शिकले. चित्रपट काढण्यासाठी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी 1912 च्या सुमारास कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याची वाढ थोडी थोडी करून नित्य चित्रित केली. ती चित्रे सलग फिरविली तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत अंकुर वर आला! तारीख घातलेली रेखाटनवही नवशिक्याला हेच दाखविते. जानेवारीचे पान आणि डिसेंबरचे पान शेजारी ठेवावे, म्हणजे धीर येतो. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या शाबासकीची गरज लागत नाही.

चौथा लाभ संग्रहाचा. टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या मागे सुमारे 300 रेखाटनवह्या राहिल्या. आज काढलेला खांदा दहा वर्षांनी कोणत्या चित्रात उपयोगी पडेल ते आज सांगता येत नाही. पण खांदा नोंदलेलाच नसेल, तर तो शोधावयास जावे कोठे?

वही कशी ठेवावी याविषयी फार नियम नकोत. ती खिशात किंवा पिशवीत मावेल एवढी असावी, नाही तर ती घरीच राहते. कागद स्वस्त असावा, म्हणजे जीव कासावीस होत नाही. प्रत्येक पानावर स्थळ आणि तारीख घालावी. रोज थोडे काढावे. पाच मिनिटे पुरतात. पान फाडू नये आणि रबर शक्यतो घरी ठेवावे. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंची याने तरुण चित्रकारांना असाच सल्ला दिला होता, की रस्त्याने जाताना लहानशी वही जवळ बाळगावी, तिचा कागद असा रंगविलेला असावा की खोडता येऊ नये, आणि जुनी वही भरली की ती जपून ठेवून नवी घ्यावी. आमच्या जुन्या पेढ्यांची रीतही हीच. कीर्दीत खाडाखोड नाही. चूक झालीच तर तिच्यावर एक रेघ ओढावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडलेल्या आकड्यापेक्षा दिसणारी चूक अधिक विश्वासाची.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नुसत्या वह्या भरून कोणी चित्रकार होत नाही, असे आमचे शेजारी म्हणतील, आणि ते खरे आहे. कायदाही तसेच सांगतो. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात येते, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणाच्या माथी देणे लादता येत नाही. सोबत आणखी पुरावा लागतो. तेव्हा रेखाटनवहीच्या जोडीला शिक्षक हवा, रंग-रचनेचा अभ्यास हवा, आणि केव्हा तरी धीर करून मोठ्या कागदापुढे बसावयासही हवे. पण ही वेळ नवशिक्याने स्वतः ठरवावी. कीर्द भरत गेली म्हणजे खतावणी मागण्याची वेळ आपोआप येते.

असो. येथवर आम्ही वकील म्हणून बोललो. शेवटी साक्षीदार म्हणून एक गोष्ट शपथेवर सांगावयाची आहे. आमचे मामा प्रतापनगरला रेल्वेत नोकरीस होते. गायकवाडी मुलुखात 1862 मध्ये डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची वाट प्रथम झाली, तेव्हा तिच्यावरचे डबे बैल ओढीत. तिचे जाळे पुढे दूरवर पसरले, आणि प्रतापनगर हे त्याचे एक मोठे ठाणे. मामांना सुटीत फलाटावर बसून माणसे काढण्याचा नाद होता. जुन्या हिशेबवह्यांच्या कोऱ्या पाठींवर ते काढीत: टपावर चढलेली पोरे, दारात लोंबणारे दूधवाले, चांदोदला स्नानाला निघालेल्या बायका. ते वारल्यावर घर आवरण्याचे काम आमच्याकडे आले. वह्या हिशेबाच्या दिसल्या. आम्ही चाळल्याही नाहीत. रद्दीवाल्याने त्या तोलून नेल्या. पान उलटून पाहिले असते तर कळले असते, असे मामी पुढे एकदा सहज म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

आता ती छोटी गाडी प्रतापनगरहून सुटत नाही. रुळ रुंद झाले. 2021 पासून येथून केवडियापर्यंत गाडी जाते. जुन्या मार्गाची आठवण म्हणून काही सामान जतन केले आहे, ते योग्यच झाले. इंजिने राहिली. त्या गाडीची वाट पाहणारी माणसे कशी बसत, गाठोड्यावर हात कसा टेकत, ते एका माणसाने जागच्या जागी टिपून ठेवले होते. आणि ते आम्ही किलोच्या भावाने विकले.

मुदत संपली तेव्हा आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो आणि एवढेच सांगितले: "रक्कम जमेस धरा. आणि बाराव्या वहीचे पैसे आमच्याकडून घ्या." ते हसले. मुलगी घरी नव्हती. संध्याकाळची गाडी येण्याची वेळ झाली होती.